गिऱ्हाइकाला त्याचाच गाळा दिसावा : सर्व्हरवरील फायलींची राखण

छापखाना, कापडाचे डिझाईन, आर्किटेक्टचे कार्यालय, कर सल्लागार, जाहिरात संस्था अशा अनेक धंद्यांत आता एक गोष्ट समान झाली आहे. गिऱ्हाइकाकडून मोठमोठ्या फायली घ्याव्या लागतात आणि काम झाल्यावर त्या परत द्याव्या लागतात. एवढ्या मोठ्या फायली ई-मेलने जात नाहीत. दरवेळी पेन ड्राईव्ह देऊन माणूस धाडणे परवडत नाही. म्हणून बरेच व्यावसायिक एक सर्व्हर भाड्याने घेतात किंवा कार्यालयातच बसवतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खाते व पासवर्ड देतात आणि फायलींची देवाणघेवाण त्यावरून करतात. व्यवस्था सोयीची आहे, स्वस्तही आहे. परंतु तिच्यात एक उणीव राहून जाते आणि ती मालकाच्या सहसा लक्षात येत नाही.

समजा, एका छापखान्याने आपल्या चाळीस गिऱ्हाइकांना अशी खाती दिली. त्यातल्या एका गिऱ्हाइकाने आपल्या खात्यात प्रवेश केला. समोर त्याचा फोल्डर उघडला. त्याने सहज ‘एक पायरी वर’ जाण्याचे बटण दाबले, तर इतर एकोणचाळीस गिऱ्हाइकांच्या नावांची यादी पुढे आली. एका नावावर बोट ठेवले, तर त्याच्याच धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याचे येत्या हंगामाचे दरपत्रक उघडले. येथे कोणी कुलूप फोडलेले नाही, पासवर्ड चोरलेला नाही. दार उघडेच होते.

धंद्यात भाव, गिऱ्हाइकांची नावे आणि पुढच्या मालाचा नमुना ह्या तीन गोष्टी माणूस सख्ख्या भावालाही लवकर सांगत नाही. त्या ज्याच्या विश्वासावर सोपवल्या त्याच्याच दारातून त्या बाहेर पडल्या, तर नुकसान कितीचे झाले ह्याचा हिशेब करून उपयोग नसतो. गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, एवढे खरे. म्हणून फायली हाताळणाऱ्या प्रत्येक खात्याला त्याच्याच फोल्डरात कसे ठेवावे, हे आपण ह्या लेखात पाहू. सर्व्हर सांभाळणारा माणूस बहुधा बाहेरचा असतो. पण त्याला काय सांगायचे व त्याने केलेले काम कसे तपासायचे, हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

दार उघडे का राहते?

फायली पाठवण्याच्या ज्या पद्धतीला एफटीपी म्हणतात, तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण ह्या भारतीय अभियंत्याने लिहिला. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. हा आराखडा त्यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना तयार केला. तिचे आज प्रचलित असलेले रूप ऑक्टोबर १९८५ मध्ये ठरले. त्या काळी नेटवर्कवर विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या. एकमेकांच्या फायली पाहता याव्यात हीच तर त्यांची गरज होती. दुकानदार आणि त्याचा प्रतिस्पर्धी एकाच संगणकावर नांदतील, ही कल्पना त्या रचनेत नव्हती.

दुसरे कारण सर्व्हरच्या रचनेत आहे. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनक्समध्ये सगळ्या फायली एकाच झाडावर लटकलेल्या असतात. त्या झाडाच्या मुळाला ‘रूट’ म्हणतात आणि ते एका तिरप्या रेघेने दाखवतात. त्या मुळापासून ‘होम’ नावाची फांदी निघते आणि तिच्यावर प्रत्येक खातेदाराचा एक फोल्डर असतो. त्याला त्याची होम डिरेक्टरी म्हणतात. खातेदार आत आला की तो आपल्या होम डिरेक्टरीत उतरतो. येथेच लोकांचा गैरसमज होतो. होम डिरेक्टरी ही उतरण्याची जागा आहे, तिला भोवताली भिंत नाही. गोदामाच्या पहारेकऱ्याने गिऱ्हाइकाला त्याच्या गाळ्यापर्यंत आणून सोडावे आणि निघून जावे, तसा हा प्रकार आहे. पुढे गिऱ्हाईक कोणत्या गाळ्यात डोकावते, हे त्या त्या गाळ्याला कुलूप आहे की नाही ह्यावर अवलंबून राहते.

हे कुलूप म्हणजे फाईल वाचण्याची व लिहिण्याची परवानगी. लिनक्समध्ये ती तीन आकड्यांनी दाखवतात. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी सर्वांचा. ७५५ असे असेल तर मालक सर्व काही करू शकतो आणि बाकीचे सगळे वाचू शकतात. ७५० असेल तर परक्याला आत पाय ठेवता येत नाही. उबुंटू ह्या लोकप्रिय लिनक्समध्ये नव्या खातेदाराची होम डिरेक्टरी कितीतरी वर्षे ७५५ ह्या परवानगीने तयार होत होती. ती ७५० झाली २०२१ सालच्या एप्रिलमधील आवृत्तीपासून. म्हणजे त्याआधी उभारलेल्या आणि तशाच चालत राहिलेल्या सर्व्हरवर गाळे उघडेच असण्याची शक्यता मोठी आहे.

कुलपे लावली म्हणजे भागले, असेही नाही. एकाचे कुलूप लावायचे राहिले तर? शिवाय कुलपे लावूनही गिऱ्हाईक ‘होम’ फांदीवर जाऊन सर्वांची नावे वाचू शकते. सर्व्हरवरील ‘पासवर्ड’ नावाच्या फाईलमध्येही सर्व खातेदारांची नावे असतात आणि ती फाईल कोणालाही वाचता येते. तिच्यात आता पासवर्ड नसतात, पण नावे असतात. कुलपाबरोबर भिंतही हवी ती ह्यासाठी.

भिंत म्हणजे काय?

ही भिंत घालण्याची सोय जुनीच आहे. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘चेंज रूट’ नावाची एक आज्ञा आली. तिचे संक्षिप्त रूप ‘सीएचरूट’ असे लिहितात. तिचे काम एका वाक्यात सांगता येते: चालू असलेल्या प्रोग्रामला ती सांगते की, ह्यापुढे झाडाचे मूळ म्हणजे हा फोल्डर. त्या प्रोग्रामसाठी फोल्डरच्या वर काही उरतच नाही. खातेदार ‘एक पायरी वर’ हे बटण कितीही वेळा दाबो, तो तेथेच राहतो. शेजारचे गाळे बंद आहेत असे त्याला दिसत नाही. शेजारी गाळे आहेत हेच त्याला कळत नाही.

व्हीएसएफटीपीडीवर भिंत घालताना

लिनक्सवर एफटीपीसाठी सर्वाधिक आढळणाऱ्या प्रोग्रामपैकी एक म्हणजे व्हीएसएफटीपीडी. त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये ‘सीएचरूट लोकल यूजर’ अशी एक ओळ असते. मूळ इंग्रजीत ह्या शब्दांमध्ये मोकळ्या जागेऐवजी खालची रेघ असते. ह्या ओळीपुढे ‘येस’ लिहिले की सर्व खातेदार आपापल्या होम डिरेक्टरीत बंदिस्त होतात. काम एका ओळीचे आहे, पण तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला घोटाळा यादीचा. ह्याच फाईलमध्ये ‘सीएचरूट लिस्ट एनेबल’ अशी दुसरी ओळ आहे. तिच्यामुळे काही नावांची वेगळी यादी देता येते. गंमत अशी की, ह्या यादीचा अर्थ पहिल्या ओळीप्रमाणे उलटतो. पहिली ओळ ‘नो’ असेल तर यादीतली नावे भिंतीच्या आत जातात. पहिली ओळ ‘येस’ असेल तर यादीतली नावे भिंतीच्या बाहेर राहतात आणि बाकी सगळे आत. कोणी आधी ‘नो’ ठेवून चाळीस गिऱ्हाइकांची यादी केली आणि नंतर अधिक सुरक्षित म्हणून पहिली ओळ ‘येस’ केली, तर नेमकी तीच चाळीस गिऱ्हाइके मोकळी सुटतात. कोठेही चूक दाखवली जात नाही, काम सुरळीत चालल्यासारखे वाटते. म्हणून पहिली ओळ ‘येस’ ठेवून यादीत केवळ आपल्या विश्वासू कर्मचाऱ्याचे एखादे नाव ठेवावे, नाहीतर यादी मुळीच वापरू नये.

दुसरा घोटाळा लिहिण्याच्या परवानगीचा. भिंत घातल्यावर पुष्कळदा गिऱ्हाइकाला आत येताच येत नाही. पडद्यावर ‘५०० ऊप्स’ अशा शब्दांनी सुरू होणारा संदेश येतो. त्याचा मथितार्थ असा की, बंदिस्त केलेल्या फोल्डरच्या अगदी वरच्या पातळीवर खातेदाराला लिहिण्याची मुभा आहे, म्हणून प्रोग्राम चालण्यास नकार देत आहे. हे बंधन २०११ च्या अखेरीस घालण्यात आले आणि त्याला कारण होते. त्याच सुमारास फ्रीबीएसडी ह्या प्रणालीच्या एफटीपी सर्व्हरबाबत असा धोका उघड झाला होता : भिंतीच्या आत गेल्यावरही सर्व्हरच्या प्रोग्रामला आपल्या कामासाठी काही सहायक फायली लागतात आणि तो त्या ठरावीक नावाच्या फोल्डरांत शोधतो. आता मूळच बदलल्यामुळे तो त्या खातेदाराच्या फोल्डरातच शोधू लागतो. खातेदाराने त्याच नावाचे फोल्डर करून त्यांत आपली बनावट फाईल ठेवली, तर सर्व्हर ती खरी समजून सर्वाधिकाराने चालवतो. पहारेकऱ्याने किल्ल्यांचा जुडगा कैद्याच्याच खोलीत शोधावा, असा हा प्रकार.

ह्यावर पुष्कळ जण झटपट उपाय करतात. ‘अलाऊ रायटेबल सीएचरूट’ ह्या ओळीपुढे ‘येस’ लिहिले की नकार थांबतो. पण नकार थांबला म्हणजे कारण नाहीसे झाले असे होत नाही. योग्य उपाय थोडा लांबचा आहे, पण अवघड नाही. होम डिरेक्टरीची मालकी सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापकाकडे, म्हणजे ‘रूट’ खात्याकडे ठेवावी आणि तेथे गिऱ्हाइकाला लिहिण्याची परवानगी देऊ नये. तिच्या आत ‘आवक’ किंवा ‘काम’ अशा नावाचा एक फोल्डर करून तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा करावा. गिऱ्हाईक आत आले की त्याला हा एकच फोल्डर दिसतो आणि त्यात ते हवे ते ठेवू शकते. उंबरठा मालकाचा, खोली गिऱ्हाइकाची, ही वाटणी पक्की लक्षात ठेवावी.

तिसरा घोटाळा सुरक्षेचा नसून कामाचा आहे. गिऱ्हाइकाने टाकलेली फाईल छापखान्याच्या ऑपरेटरलाच उघडत नाही. कारण व्हीएसएफटीपीडीच्या मूळ सेटिंगप्रमाणे नवी फाईल फक्त टाकणाऱ्यालाच वाचता येते. अशा वेळी वैतागून सगळ्या फोल्डरांना ७७७, म्हणजे सर्वांना सर्व मुभा, देण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘लोकल यूमास्क’ ह्या ओळीपुढे ०२७ लिहावे. आतल्या फोल्डरचा गट ऑपरेटरचा ठेवावा आणि नवी फाईल त्याच गटात पडेल अशी खूण फोल्डरवर लावावी. मग ऑपरेटर वाचू शकतो आणि इतर कोणी नाही.

प्रोएफटीपीडी हा दुसरा प्रोग्राम वापरात असेल तर त्यात ‘डिफॉल्ट रूट’ ही ओळ असते आणि तिच्यापुढे होम डिरेक्टरीची खूण असलेली नागमोडी रेघ लिहितात. नाव वेगळे, तत्त्व तेच.

एफटीपीपेक्षा एसएफटीपी बरे

इथवर आपण भिंतीचे पाहिले. पण साध्या एफटीपीत आणखी एक मोठा दोष आहे आणि त्यावर भिंतीचा इलाज नाही. गिऱ्हाइकाचे नाव, पासवर्ड आणि फाईल हे सर्व वाटेवरून उघड्या अक्षरांत जाते. वाटेत बसलेला कोणीही ते वाचू शकतो. उघड्या टपाल कार्डावर तिजोरीचा क्रमांक लिहून पाठवावा तसे हे आहे. ह्यामुळेच साधे एफटीपी मागे पडत गेले. डेबियन ह्या लिनक्स प्रकल्पाने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपली सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली. २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम ह्या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपी काढून टाकले.

त्याच्या जागी एसएफटीपी वापरावे. नाव जवळचे असले तरी ही वेगळी पद्धत आहे. ती सर्व्हरच्या एसएसएच ह्या सुरक्षित दरवाजातून चालते आणि तिच्यात सर्व काही सांकेतिक स्वरूपात जाते. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर त्यासाठी लागणारा ओपनएसएसएच हा प्रोग्राम आधीपासूनच असतो. भिंत घालण्याची सोय त्याच्यात २००८ साली आली. ती अशी करतात :

प्रथम गिऱ्हाइकांच्या खात्यांचा एक वेगळा गट करावा. मग ओपनएसएसएचच्या सेटिंगच्या फाईलमध्ये अगदी शेवटी ‘मॅच ग्रुप’ लिहून त्यापुढे त्या गटाचे नाव द्यावे. शेवटी लिहायचे ते अशासाठी की, ‘मॅच’च्या खाली आलेली प्रत्येक ओळ पुढचा ‘मॅच’ येईपर्यंत त्या गटालाच लागू होते. मध्येच लिहिले तर सर्वांसाठी असलेल्या खालच्या ओळीही त्या गटापुरत्या होऊन बसतात.

त्याखाली तीन ओळी लागतात. ‘सीएचरूट डिरेक्टरी’ म्हणजे भिंत कोणत्या फोल्डरभोवती. ‘फोर्स कमांड’पुढे ‘इंटर्नल-एसएफटीपी’, म्हणजे ह्या गटाला फायलींची ने-आण सोडून दुसरी कोणतीही आज्ञा देता येणार नाही. तिसरी ओळ ‘अलाऊ टीसीपी फॉरवर्डिंग’ आणि तिच्यापुढे ‘नो’. ही तिसरी ओळ पुष्कळ जण विसरतात. ती नसेल तर गिऱ्हाईक फायलींच्या बाबतीत बंदिस्त राहते, पण सर्व्हरचा बोगद्यासारखा उपयोग करून कार्यालयातल्या इतर संगणकांपर्यंत जोडणी नेऊ शकते. खिडक्या बंद केल्या आणि तळघराचा रस्ता उघडा ठेवला, असे होते.

येथेही उंबरठ्याचा नियम आहे आणि तो आणखी कडक आहे. मुळापासून भिंतीच्या फोल्डरपर्यंतचा प्रत्येक फोल्डर ‘रूट’च्या मालकीचा हवा आणि दुसऱ्या कोणालाही त्यात लिहिता येता कामा नये. एकही पायरी चुकली तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लगेच तुटते. गिऱ्हाइकाला कारण दिसत नाही. ते सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिलेले असते. नेमके असे झाल्यावर घाईत भिंतच काढून टाकणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा नोंदवही वाचून मालकी दुरुस्त करावी.

एक सावधगिरी. ही सेटिंग बदलताना चूक झाली तर स्वतः व्यवस्थापकच बाहेर राहतो. म्हणून एक जोडणी चालू ठेवावी, फाईल तपासण्याची आज्ञा देऊन ती बिनचूक असल्याची खात्री करावी, सेवा पुन्हा सुरू करावी आणि दुसऱ्या जोडणीने आत येऊन पाहावे. सर्व ठीक दिसल्यावरच पहिली जोडणी सोडावी.

भिंतीने काय होत नाही?

भिंत ही तुरुंगाची नाही, आडोशाची आहे, हे विसरू नये. जो प्रोग्राम ‘रूट’च्या सर्वाधिकाराने चालतो तो चेंज रूटची भिंत ओलांडू शकतो. ह्याच मर्यादेमुळे फ्रीबीएसडीने २००० साली ‘जेल’ नावाची अधिक पक्की सोय आणली. सामान्य अधिकाराच्या गिऱ्हाइकासाठी मात्र चेंज रूट आणि योग्य परवानग्या एवढे पुरते.

सोपा पासवर्ड भिंतीने कठीण होत नाही. एक खाते दहा जणांत वाटले तर कोणी काय उचलले ते कळत नाही. एकच गिऱ्हाईक सगळी डिस्क भरून टाकू शकते, म्हणून प्रत्येकाला जागेची मर्यादा घालावी. सर्वांसाठी एखादा सामाईक फोल्डर हवा असेल तर त्याचा शॉर्टकट भिंतीच्या आतून चालत नाही, कारण तो ज्या जागेकडे बोट दाखवतो ती जागा आतून दिसतच नाही. त्यासाठी तो फोल्डर आत जोडून द्यावा लागतो आणि जोडताना तो फक्त वाचण्यापुरता ठेवणे शहाणपणाचे.

मालकाने स्वतः तपासावे

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. एका गिऱ्हाइकाचे चाचणी खाते मागून घ्यावे. फाईलझिला किंवा विनएससीपी ह्यांसारख्या प्रोग्रामने आत जावे. सर्व्हरच्या बाजूच्या पट्टीत कोणता मार्ग दिसतो ते पाहावे. नुसती एक तिरपी रेघ दिसत असेल तर भिंत बहुधा आहे. ‘होम’ आणि पुढे खात्याचे नाव असा लांब मार्ग दिसत असेल तर बहुधा नाही. मग ‘एक पायरी वर’ जाऊन पाहावे. पट्टीत तिरपी रेघ आणि ‘ईटीसी’ असे स्वतः लिहून पाहावे. सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली पुढे आल्या, तर समजावे की गाळे उघडे आहेत.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत :

१) आपण एफटीपी वापरतो की एसएफटीपी?

२) प्रत्येक गिऱ्हाईक आपल्या फोल्डरात बंदिस्त आहे का? कोणाला सूट आहे व का?

३) ‘अलाऊ रायटेबल सीएचरूट’ चालू करून काम भागवले आहे का?

४) ७७७ परवानगी असलेले फोल्डर किती आहेत?

५) काम संपलेल्या गिऱ्हाइकांची आणि नोकरी सोडलेल्या माणसांची खाती बंद झाली का?

६) कोण कधी आले, काय नेले, ह्याची नोंद किती दिवस राहते?

शेवटच्या प्रश्नाला कायद्याचीही जोड आहे. सर्ट-इन ह्या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार कंपन्या व सेवा देणाऱ्या संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, लोकांची माहिती जपण्यासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यार्थ्यांचे अर्ज, रुग्णांचे अहवाल, पासपोर्टच्या प्रती अशा फायली ज्यांच्या सर्व्हरवर येतात त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सरळ आहे. भिंत घालण्यासाठी नवा संगणक घ्यावा लागत नाही, प्रोग्राम विकत घ्यावा लागत नाही. जाणकार माणसाचे एका दिवसाचे काम आहे. गिऱ्हाइकाने आपला माल आपल्या गोदामात ठेवला, तर त्याला वेगळा गाळा आणि वेगळे कुलूप आपण न मागता देतो. त्याच्या फायलींनाही तेच मिळाले पाहिजे.